मातीची गलाई

सदुआण्णा पिसाळांनी जन्मभर सोनं गाळलं आणि जन्मभर सोन्याला नावं ठेवली. त्यांच्या मते सोन्याइतका आळशी धातू दुसरा नाही. गंजायचं नाही, झिजायचं नाही, कसल्या कामाला हात लावायचा नाही. नुसतं तिजोरीत लोळायचं आणि भावाभावांना एकमेकांच्या अंगावर सोडायचं. "राबणारा धातू म्हंजे शिसं," असं ते सांगायचे, आणि वर बजावायचे, "पन त्येच्या नादाला लागू नगासा, मास्तर. राबणाऱ्याचा राग लय वंगाळ."

मास्तर म्हणजे मी. कराडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, तरी आण्णांच्या लेखी मी मास्तरच. गाव आम्हां दोघांचं एक, विट्याच्या पूर्वेला माळावर. आमच्याकडचा पाऊस महाबळेश्वरला मुक्कामाला उतरतो, कराडला जेवतो आणि आमच्या गावावरून हात हलवत पुढं निघून जातो. त्यामुळं गावातली निम्मी माणसं फौजेत आणि निम्मी गलाईत. हिंदुस्थानातल्या कुठल्याही शहरात जा, सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात एक भट्टी असते आणि तिच्यासमोर आमच्या भागातला एक माणूस घाम पुसत बसलेला असतो. सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची: धूळ, चिंध्या, बसायची जुनी चटई, हात धुतलेल्या मोरीतला गाळ. सगळं जाळायचं, राख शिशाबरोबर मुशीत वितळवायची. शिसं त्या राखेतलं सोनं आपल्यात ओढून घेतं. मग तापवून शिसं धुरावाटे उडवायचं, की मुशीच्या तळाला सोन्याचा मणी उरतो. ही गलाई.

आण्णांची भट्टी कोइमतुरात होती. तिथं त्यांनी म्हणे एका सोनाराचा जुना सदरा जाळून त्यातून नथीपुरतं सोनं काढलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सोनार धोतर हातात घेऊन दारात उभा. नेसून काय आला होता, ते आण्णांनी मला कधी सांगितलं नाही.

ह्या धंद्याचा एक नियम आहे, आणि तो पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. माल आणणारा गिऱ्हाईक भट्टीसमोरून उठत नाही. चहा नाही, पाणी नाही, निसर्गाची हाक आली तरी ओ द्यायची नाही. मणी हातात पडेपर्यंत मुशीवरची नजर हलवायची नाही, कारण नजर हलली की मूस बदलली, असं आमच्या भागात बाळकडूबरोबर पाजतात.

आण्णा उंचीला ताडमाड. कमरेला कोइमतुरी लुंगी, वर नेहरू शर्ट, त्यावर फेटा. म्हणजे खालून मद्रास आणि वरून सातारा. हसले की हिरड्यांवर शाईनं ओढल्यासारखी निळसर रेघ दिसायची आणि उजवा पंजा मनगटातून लोंबता असायचा. दोन्ही शिशाची देणगी. वर्षानुवर्षं तो धूर छातीत घेतला की शिसं हाडात जाऊन बसतं. कुणी हाताची चौकशी केली तर म्हणायचे, "हात तेवढा खाली बघतोय. मी न्हाई."

आणि खरोखरच हा माणूस कुणापुढं खाली बघायचा नाही. गावात लग्न निघालं की आण्णांना आवतण द्यावं की न द्यावं, यावर दोन्हीकडची मंडळी खलबतं करायची. एकदा साताऱ्याहून वऱ्हाड आलं होतं. नवरदेवाच्या वडिलांनी सुनेसाठी आणलेला गोफ ताटात घालून मांडवभर फिरवला. एवढा जाड, की त्यानं बैल बांधावा. ताट आण्णांपुढं आलं. आण्णांनी गोफ उचलला, डाव्या तळव्यावर दोनदा उडवला, कानाशी नेऊन हलवला आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यात तांब्याचा पावना लय पाय पसरून बसलाय."

वाजंत्री थांबली. नवरदेवाचे वडील मिशीला हात घालून उठले. मुलीच्या बापानं तर आण्णांचे पायच धरले. आण्णा शांतपणे अक्षता घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लगीन लावा की. पोरगं खरं हाय, सकाळपास्नं मी वाजवून बघतोय. दागिना तेवढा खोटा." लग्न लागलं. वर्षाच्या आत खरा गोफ आला, आणि तो आधी आण्णांच्या घरी आला, मग सुनेच्या गळ्यात गेला.

अशा माणसानं स्वतःच्या रानाची माती केली, ही खरी गंमत. म्हणजे मातीचीच माती केली.

कोइमतुराची भट्टी मुलावर सोपवून आण्णा गावी परतले ते भट्टीचा नाद बरोबर घेऊनच. थोरले भाऊ वारले होते. ओढ्याकडचं रान आण्णांच्या आणि गंगूवहिनींच्या सामाईकीत होतं. त्या रानाच्या खालच्या टोकाला, पाणी जवळ म्हणून, आण्णांनी छपरी उभी केली. गावचे तरुण दूरदूरच्या शहरांतून झाडलोटीची पोती रेल्वेनं धाडायचे आणि छपरीतून धूर निघायचा. मुशीतली काळी मळी बांधावर, धुवणाचं पाणी रानात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कोइमतुरात ते गटारात जायचं, इथं रानात गेलं.

गंगूवहिनींची एक म्हैस होती, चंद्री. तिच्या दुधाबद्दल मी काही सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून एवढंच सांगतो की ती धारेला उभी राहिली की शेजारच्या दोन घरच्या म्हशी लाजून आटायच्या. ही चंद्री छपरीमागच्या बांधावरचं गवत खायची. एका उन्हाळ्यात ती दात खायला लागली. मग तिला दिसेना. मग ती गोल गोल फिरायची आणि शेवटी छपरीच्या भिंतीला कपाळ टेकवून, भिंत ढकलायची असल्यासारखी उभी राहायची. तशीच ती बसली आणि उठली नाही. गुरांच्या डॉक्टरांनी छपरीकडं बघितलं, बांधाकडं बघितलं आणि दोन अक्षरं उच्चारली. शिसं.

गंगूवहिनी रडल्या-ओरडल्या नाहीत. त्यांनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, छपरीत गेल्या. आत भट्टी पेटलेली, समोर गिऱ्हाईक मुशीवर डोळे लावून बसलेलं. वहिनींनी ते दावं भात्याच्या दांड्याला अडकवलं आणि म्हणाल्या, "भावजी, ह्ये दावं. आता ह्येला काय बांधायचं त्ये तुमीच सांगा."

आण्णांनी भट्टीवर घागर ओतली. आत गिऱ्हाइकाचं सोनं अर्धं शिजलेलं. तो बिचारा बोंबलत राहिला. आण्णांनी चिमट्यानं मूस उचलून त्याच्यासमोर ठेवली आणि सांगितलं, की थंड झाल्यावर घेऊन जा, दुसरीकडं गाळून घे, ही भट्टी विझली. मग दावं घरी नेऊन आपल्या बाजेवरच्या खिळ्याला टांगलं. "ह्या रानात पुन्ना म्हस चरंल, तवाच ह्ये दावं खिळ्यावरनं निघंल," असं ते वहिनींना म्हणाले. वहिनींनी चुलीत लाकूड सारलं. त्यांचं न बोलणं आण्णांना गावाच्या शिव्यांपेक्षा जड जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आण्णा एसटीनं कराडला माझ्या प्रयोगशाळेत आले. हातात पितळी जेवणाचा डबा. आमच्या शिपायाला वाटलं, गावाकडून मास्तरांना भाकरी-पिठलं आलं. त्यानं मोठ्या मायेनं झाकण उघडलं. आत माती. वरच्या खणात रानाच्या वरच्या अंगाची, मग मधली, आणि तळाच्या खणात छपरीशेजारची.

"गाळून सांगा," आण्णा म्हणाले.

मी तपासलं. वरच्या खणातली माती थोडी बिघडली होती, मधली बरीच. तळाच्या खणात इतकं शिसं निघालं, की त्याच्या गोळ्या ओतल्या असत्या तर तालुक्यातल्या सगळ्या फौजींना लढाईभर पुरल्या असत्या. मी पुस्तकातला उपाय सांगितला: खराब माती उकरून काढायची आणि दुसरीकडं नेऊन टाकायची.

"कुटं टाकू? शेजाऱ्याच्या रानात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण शेजारच्या प्रयोगशाळेतून आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बर्वेबाई आल्या. बाई मूळच्या वाईच्या, चणीनं इवल्याशा, पण आवाज असा की त्यांनी हजेरी घेतली तर कृष्णेपलीकडची मुलंसुद्धा ओ द्यायची. पुण्याच्या ग्रंथालयात बसून बाई परदेशी मासिकं वाचून यायच्या आणि आम्हाला मधल्या सुट्टीत त्यांचं कीर्तन ऐकावं लागायचं. त्यातलंच एक त्यांनी आण्णांना ऐकवलं: काही झाडं मातीतले धातू मुळांनी शोषून घेतात. आपली साधी मोहरी शिसं घेते.

"पण ही जादू नाही हं आण्णा," बाई म्हणाल्या. "थोडंथोडं घेते. आणि बरंचसं मुळांतच अडकतं, म्हणून मुळासकट उपटावी लागते. पाला गुरांना नाही, भाजीला नाही. बी घाण्याला नाही. जाळलीत तर धूर मोकळा सोडायचा नाही. आणि वर्षानुवर्षं लागतील."

आण्णांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हंजे गलाईच की, बाई. तिकडं शिसं सोनं वढून घेतं, हितं मोहरी शिसं वढून घेनार. धंदा त्योच. मूस तेवढी हिरवी."

हे वाक्य बर्वेबाईंनी पुढं निवृत्त होईपर्यंत वर्गात वापरलं, आणि दरवेळी आण्णांचं नाव घेऊन वापरलं. बाईंनी मला एवढा मान कधी दिला नाही.

आण्णा कामाला लागले. आधी छपरीभोवतालची मळी आणि काळी पडलेली माती त्यांनी स्वतः खरवडली आणि सिमेंटच्या पक्क्या खड्ड्यात, वर झाकण घालून कोंडली. लोंबत्या पंजाला फडक्यानं खोऱ्याचा दांडा बांधून घ्यायचे. मग उरलेल्या रानात, या बांधापासून त्या बांधापर्यंत, मोहरी.

आमच्याकडं मोहरी शाळवाच्या कडेनं एखादी ओळ लावतात, फोडणीपुरती. अख्खं रान मोहरीचं कुणी पाहिलेलं नव्हतं. फुलावर आली तेव्हा ते एवढं पिवळं झालं, की विट्याच्या एसटीचे ड्रायव्हर आमच्या गावापाशी डोळ्यांवर आडवा हात धरून गाडी हाकायचे. एक कावीळ उतरवणारा बुवा तर बांधावर दोन दिवस विचारात बसून निघून गेला. आणि त्या पिवळ्याजर्द रानाच्या मधोमध आण्णा काठी घेऊन उभे, कारण बायका पाला मागायला यायच्या. आता रानातून भाजीपुरता पाला खुडून नेणाऱ्या बाईला नाही म्हणणं, हे आमच्या गावात कुणाच्या आजोबा-पणजोबांनीही केलेलं नव्हतं. आण्णा नाही म्हणायचे. कारण सांगायचे, पण हिरव्यागार पानात विष आहे हे कुणाला पटावं? चिक्कू म्हातारा म्हणून गावानं नाव ठेवलं. आण्णांनी ते मुंडाशात खोवून मिरवलं. "व्हय, हाय मी चिक्कू," म्हणायचे, "व्हा माघारी."

घरातूनही सुख नव्हतं. त्यांचा मुलगा विलास, कोइमतुराची भट्टी तोच चालवायचा, एका दिवाळीला दलालाला घेऊन आला. रान रस्त्याला लागून. तीन-चार ट्रक मुरूम टाकायचा, वरून सपाट करायचं, प्लॉट पाडून विकायचं, असा बेत. वरून दिसतंय कुणाला, असं विलासचं म्हणणं.

आण्णा म्हणाले, "त्येला आपल्या धंद्यात काय म्हंत्यात ठावं हाय न्हवं? तांब्यावर सोन्याचं पानी."

विलास गप्प झाला, पण दलाल गप्प होणाऱ्या जातीचा नव्हता. तो जमीन किती सोन्यासारखी आहे ते सांगत सुटला. आण्णांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि पितळीत भाकरी आणि मोहरीच्या पाल्याची गरम भाजी घेऊन आले. दलालासमोर पाट मांडला, तांब्या ठेवला. पाव्हण्याला बिनजेवता कसं सोडायचं? दलालानं घास मोडला, तोंडाशी नेला, तेवढ्यात आण्णांनी प्रेमानं विचारलं, "ह्या रानात घरं बांधली, की लोकं परसात भाजी लावतील न्हवं? पोरं मातीत खेळतील? म्हनून म्हटलं, इकणाऱ्यानं आदी चव बघावी. खावा."

दलालाचा हात वाटेत थांबला. त्यानं भाजीकडं पाहिलं, खिडकीतून रानाकडं पाहिलं. मग त्याला एकदम विट्याला तातडीचं काम आठवलं. तो गेल्यावर आण्णांनी तोच पाट ओढून घेतला आणि ती भाजी चाटूनपुसून खाल्ली. रानातली नव्हती ती, घरामागच्या वहिनींच्या परड्यातली होती. त्या दिवशी दाराआड उभ्या राहिलेल्या गंगूवहिनी चंद्री गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, असं आण्णा मला सांगायचे आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा कमी व्हायचा.

पण खरा रणसंग्राम पुढंच होता, आणि तो आमच्याच गावाला शोभेल असा झाला.

आण्णांनी पहिलं पीक मुळासकट उपटून वाळवलं होतं आणि जुन्या भट्टीत कोंडून जाळलं होतं. भट्टीचा धूर पाण्याच्या टाकीतून जायचा, सोनं साफ करताना निघणाऱ्या तेजाबाच्या वाफेसाठी ती सोय आधीचीच होती. राख त्यांनी पिंपात भरून पिंपाला कुलूप लावलं. त्यांच्या दृष्टीनं ते साधं होतं: राख विषारी, बायका भांडी घासायला राख नेतात, म्हणून कुलूप.

आता गावाच्या दृष्टीनं बघा. जन्मभर राखेतून सोनं काढलेला गलाईवाला. तो एक पीक लावतो. विकत नाही, खात नाही, एक पान कुणाला देत नाही, काठी घेऊन राखण करतो. मग ते जाळतो आणि राख कुलपात ठेवतो. दुसऱ्या कुठल्याही गावानं त्याला वेडा ठरवलं असतं. आमच्या गावात ज्याला भट्टी माहीत नाही असं माणूस सापडणार नाही. गावाला लख्ख समजलं. ओढ्याकडच्या रानात सोनं सांडलंय, आणि म्हातारा ते मोहरीकडून ओढून घेतोय.

दुसऱ्या वर्षीचं पीक भरात असताना आण्णा एका सकाळी रानात गेले तर रान बोडकं. एक काडी शिल्लक नाही. चोरी म्हणावी तर चोर कुणाला म्हणायचं? प्रत्येक घरानं आपापली पेंढी नेली होती, आणि मुळासकट नेली होती. माळवदांवर, गोठ्यांत, बाजेखाली मोहरीच मोहरी.

आण्णा त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेले मी पाहिले. मी सुट्टीला गावीच होतो. त्यांनी आधी दवंडी दिली: मोहरी शिजवू नका, गुरांपुढं टाकू नका, ती विषारी आहे. गाव मिशीत हसलं. म्हातारा सोनं वाचवायला बघतोय. एकाच्या शेळीनं अर्धी पेंढी खाल्ली होती; तो गृहस्थ दिवसभर डालडाचा डबा घेऊन शेळीच्या मागं मागं हिंडत होता. लेंड्या गाळायच्या होत्या त्याला. दुसरीकडं एकीनं काड्या ठेवून घेऊन पाला तेवढा म्हशीला घालायचं ठरवलं होतं. दवंडीचा उपयोग शून्य.

आण्णा ओट्यावर बसले. बराच वेळ लोंबता पंजा दुसऱ्या हातानं दाबत राहिले. मग उठले आणि दवंडीवाल्याला परत बोलावलं. ह्या वेळची दवंडी वेगळी होती: सदुआण्णा पिसाळ मोहरीची गलाई करणार. सगळ्यांदेखत. फुकट. ज्याची जेवढी मोहरी तेवढा त्याचा वाटा. पण पानाला पान, मुळीला मुळी हवी. पान कमी पडलं तर वाटा कमी.

"आण्णा, सोनं कुठून देणार?" मी विचारलं.

"मी सोनं कुटं म्हनालो?"

त्या दवंडीनंतर आमच्या गावात एक पानसुद्धा गुराच्या तोंडात गेलं नाही. जी बाई म्हशीला पाला घालणार होती तिनं म्हशीलाच लांब नेऊन बांधलं. माणसं मोहरीच्या पेंढ्यांवर हात ठेवून झोपली. वारा सुटला तर पोती टाकायला धावली. पेंढ्या कडकडीत वाळेपर्यंत सगळ्या गावानं जी राखण केली, ती आण्णांना शंभर काठ्या घेऊन जमली नसती.

मग सगळा माल छपरीत आला. लुगड्यांत बांधून, पोत्यांत भरून, एकानं तर पाळण्यात घालून आणला. सकाळी भट्टी पेटली आणि गाव समोर बसलं. गिऱ्हाइकाच्या नियमानं. कुणी उठेना, कुणी बोलेना, दुपारची भाकर कुणी खाल्ली नाही. सगळ्या गावाची नजर एका मुशीवर. आण्णांनी जाळलं, राख चाळली, कोळशाची पूड मिसळली, मुशीत भरली, भाता चालवायला मला बसवलं. कलत्या उन्हाला त्यांनी डाव्या हातात चिमटा धरला, मूस उचलली आणि ओतली.

मणी पडला. शाळवाच्या दाण्याएवढा. करडा.

पुढं सरपंच बसले होते, तेही पूर्वी कानपूरला गलाईत होते. आण्णांनी मणी गार करून त्यांच्या तळहातावर ठेवला. सरपंचांनी तो नखानं दाबून पाहिला, मग डोक्यावरची पांढरी टोपी काढून तिच्यावर घासला. टोपीवर काळपट रेघ उठली.

"शिसं," सरपंच म्हणाले.

ती टोपी हातोहात मागच्या रांगेपर्यंत गेली.

"ज्येनं ज्येनं मोहरी आनली त्येनं आपला वाटा न्यावा," आण्णा म्हणाले. "कालवनात टाका. पोरांच्या वाटीत घाला. तुमी घरी नेला हुता त्यो ह्योच माल."

कुणाचा हात पुढं आला नाही. मग मागून गंगूवहिनी आल्या. डोईवरचा पदर सारखा करून त्यांनी सरपंचांसमोर हात पसरला. "आना हिकडं," त्या म्हणाल्या. "माझ्या चंद्रीच्या पोटातला हाय त्यो."

सरपंचांनी मणी दिला. वहिनी सिमेंटच्या खड्ड्यापाशी गेल्या, झाकण सरकवलं आणि मणी आत टाकला. तो तळाला आपटल्याचा आवाज मला तरी ऐकू आला. एवढ्याशा दाण्याचा आवाज येत नाही, हे रसायनशास्त्रज्ञ म्हणून मला ठाऊक आहे. तरी आला.

तेव्हापासून कुणी पाला मागायला आलं नाही. पुढच्या पेरणीला तर लोक न बोलावता आले आणि उपटणीलाही आले, हाताला फडकी बांधून. सगळं गाव शहाणं झालं असं मात्र समजू नका. आजही पारावर दोन-तीन जण असे भेटतील जे खाजगीत सांगतात, की म्हाताऱ्यानं ऐनवेळी मूस बदलली.

दरवर्षी तो पितळी डबा कराडला यायचा. तळाच्या खणातली माती हट्टी. तिच्यातलं शिसं कमी व्हायचं ते नखानं डोंगर खरवडल्यासारखं. बर्वेबाई आण्णांना म्हणाल्या, खालचं टोक तुमच्या हयातीत होणार नाही. आण्णा म्हणाले, "मोहरीला माझी हयात कशाला पायजे? तिला पानी पायजे." पण वरच्या खणाचा आकडा हळूहळू उतरत गेला आणि पहिल्या पेरणीनंतरच्या दहाव्या हिवाळ्यात तो आसपासच्या साध्या रानांच्या बरोबरीला आला. मी पुन्हा तपासला, बाईंनी माझ्यावर विश्वास न ठेवता बाहेरून तपासून घेतला. बरोबर होता.

तो सांगायला मी स्वतः गावी गेलो. आण्णा खूप वाळले होते. आता दोन्ही पंजे खाली बघत होते. मी आकडा सांगितला. ते बाजेवर उभे राहिले आणि खिळ्यावरचं दावं काढायला लागले. बोटांना ते जमेना. मी पुढं झालो तर डोळ्यांनी मला जागेवर बसवलं. शेवटी मनगटांत धरून त्यांनी दावं ओढलं, ते खिळ्यासकट हातात आलं.

गंगूवहिनींनी म्हसवडच्या बाजारातून एक रेडी आणून ठेवली होती. कधी आणली, कुणाच्या भरवशावर, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दावं त्यांनीच तिच्या गळ्यात बांधलं, कारण आण्णांना गाठ मारता येत नव्हती. आम्ही तिघं आणि रेडी ओढ्याकडच्या रानात गेलो. खाली सगळं पिवळं. वरच्या पट्टीत ह्या वर्षी मोहरी नव्हती, गुडघाभर गवत होतं. वहिनींनी मेख ठोकली. रेडीनं गवत हुंगलं, मान वर करून आमच्याकडं पाहिलं आणि खाली तोंड घातलं.

आण्णा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. नजर हलेना.

माझी कराडची एसटी यायची होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चला, मास्तरांस्नी च्या तरी देऊया." मीही म्हटलं, आण्णा, चला, ऊन लागेल, ती काय पळून जात नाही.

आण्णांनी मान वळवली नाही.

"जावा तुमी," ते म्हणाले. "माल पदरात पडल्याबिगर उटायचं नसतं."

एसटी वळणावर आली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. पिवळ्या रानाच्या वर हिरवी पट्टी, तिच्यात एक काळा ठिपका आणि त्याच्यासमोर एक फेटा. ड्रायव्हरनं डोळ्यांवर आडवा हात धरला. फेटा हलला नव्हता.